कंट्रोलचे उंदीर

(नगर, मार्च १९७३. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात उंदरांचे चार पिंजरे. वाबळे सरांच्या हातात स्टॉपवॉच. शिपाई गहिनीनाथच्या तळहातावर उताणा उंदीर.)

वाबळे सर : झाला का सुलटा?

गहिनीनाथ : न्हाई सर. पाय वर करून पडलाय. लई निवांत हाय.

वाबळे सर : दीड तास? हा कंट्रोलचाच ना?

गहिनीनाथ : व्हय, कंट्रोलचाच.

वाबळे सर : अरे, दारू चारही पिंजऱ्यांना सारखीच टोचली. दुसऱ्याला ताण दिला, रोज दोन तास जाळीच्या नळीत कोंडलं. तिसऱ्याला झोपेची गोळी. चौथ्याला दोन्ही. कंट्रोलला काहीच नाही! तो सगळ्यांच्या आधी उठायला पाहिजे.

गहिनीनाथ : त्यो अशक्त हाय सर.

वाबळे सर : कशानं?

गहिनीनाथ : मिलोनं.

वाबळे सर : कशानं?

गहिनीनाथ : मिलो. तांबडी जवारी. अमेरिकेत डुकरं खात्यात म्हनं, हितं आमी.

वाबळे सर : मी हरभरा आणि दूध पावडर लिहून दिलंय!

गहिनीनाथ : तीन पिंजऱ्यांना तेच देतो. ह्याच्यावर तुमीच पाटी लावली, ‘कंट्रोल’. कंट्रोलच्या दुकानात यंदा मिलोच मिळतो. आमच्या आख्ख्या मिरजगावाला ठावं हाय.

वाबळे सर : कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान नव्हे, गाढवा! ज्यांना आपण काहीही करत नाही, ते!

गहिनीनाथ : आमाला बी कुनी काही करत न्हाई सर.

वाबळे सर : किती दिवस चाललंय हे?

गहिनीनाथ : दोन महिनं.

वाबळे सर : गहिनीनाथ, तू सहा वर्षं माझ्याकडे आहेस. गेल्या साली पाहुणे आले, तेव्हा कंट्रोल म्हणजे काय ते तूच त्यांना समजावलंस.

गहिनीनाथ : व्हय. टाळ्या पडल्या हुत्या.

वाबळे सर : मग हरभरा कुठं गेला?

गहिनीनाथ : भिमाजीच्या पोरींनी खाल्ला. माझा धाकटा भाऊ. पावडर बी त्यांनीच. बारकी तर अशी टुणटुणीत झालीय, आता शेपूट फुटायचं तेवढं ऱ्हायलंय.

वाबळे सर : माझं दोन महिन्यांचं काम मातीत घातलंस!

गहिनीनाथ : चवथ्या पिंजऱ्याचं न्हाई ना, सर? तेवढंच कागदावर लिहून द्या.

वाबळे सर : काय लिहून देऊ?

गहिनीनाथ : ताण, गोळी आन् दारू एका जागी आली की उंदीर उठत न्हाई. परवा दोन उठलेच न्हाईत, मीच पुरले. सर, भिमाजी चवथ्या पिंजऱ्यात हाय. दुष्काळी कामावर दिसभर खडी फोडतो. हीर आटल्यापासनं झोप न्हाई, म्हनून डॉक्टरनं गोळी दिलीय. वरनं हातभट्टी. डॉक्टरला सांगाया गेल्तो. म्हनला, शिपायाचं ऐकून गोळी बंद करू का? कागद आन.

वाबळे सर : गोळ्या लपवून ठेव.

गहिनीनाथ : लपवल्या. तीन दिस डोळा लागला न्हाई, चवथ्या दिशी दुप्पट प्याला.

वाबळे सर : मग दारू सोड म्हणावं.

गहिनीनाथ : म्हनलो. तर म्हनला, आधी खडी सोडव.

वाबळे सर : कागद देता येणार नाही. चौथ्याची तुलना कंट्रोलशी करायची असते. कंट्रोल बाद, की चौथाही बाद. बाद आकड्यांवर सही करू?

गहिनीनाथ : म्हंजे त्याच्या पोरींनी हरभरा खाल्ला, म्हनून त्याला कागद न्हाई?

वाबळे सर : म्हणून.

गहिनीनाथ : लई शास्त्रीय हाय.

वाबळे सर : नवे उंदीर मागवू. तीन महिन्यांत आकडे येतील. मग देतो कागद.

गहिनीनाथ : आज सकाळी आमी चौघं भिमाजीला हलवत हुतो. दहा वाजता सुलटा झाला. सांगतो त्याला, तीन महिनं दम धर.

वाबळे सर : आणि ती पाटी काढ. सरळ मराठीत लिही, म्हणजे कुणाला सबब नको. ‘ज्यांना काहीही झालेलं नाही, ते.’

गहिनीनाथ : लिहितो. सर, असले उंदीर आननार कुठनं?

वाबळे सर : पुण्याहून.

गहिनीनाथ : व्हय. हितं न्हाई मिळायचे.