कागदी लिंबावर लवंगेचं तेल

शशिकला : आणि पाणी? पाणी किती घातलंत?

मुश्ताक : पाणी कशाला घालू, शशिकलाताई? लवंगेचं खालिस तेल होतं. मस्कतहून येताना मीच आणलेलं.

शशिकला : म्हणजे नुसतं तेल फवारलंत? मुबीनाच्या लिंबाच्या झाडावर?

मुश्ताक : पानांमागे पांढरी कीड झाली होती. भर उन्हात मारलं, म्हणजे पटकन सुकेल.

शशिकला : धन्य आहे तुमची. पानं भाजून काढलीत की हो.

मुश्ताक : अत्तराच्या दुकानात उमर गेली माझी. तेलात पाणी घालणारा आमच्यात चोर. खरं सांगतो, हातच धजावला नाही.

शशिकला : अत्तर लोक कानामागे बोटभर लावतात, त्याने आंघोळ करत नाहीत. घरातही मारलंत ना? तुमची मनी सकाळपासून माझ्या पायरीवर बसलीय. घरात जायचं नाव घेत नाही.

मुश्ताक : काल मच्छर फार होते. खिडक्या लावून निलगिरीचं मारलं. माझंही डोकं धरलं, पण म्हटलं, गुण येतोय. मनीला काही झालं नाही ना?

शशिकला : मांदेलीवर ताव मारलाय तिने, लाळबिळ गळत नाही, म्हणून बरं. मांजरांना ही तेलं सोसत नाहीत. अंगावर उडालं, चाटलं, की डॉक्टरच गाठायचा. आधी खिडक्या उघडा, फरशी साबणाने पुसा. आज ती माझ्याकडेच राहू दे.

मुश्ताक : मुबीना संध्याकाळी उरणहून येतेय, भावाकडून. मी म्हणत होतो, पळस्प्याला नर्सरी आहे. एवढंच झाड आणून याच पिंपात लावलं तर?

शशिकला : आणि तिला कळणार नाही? तुम्ही मस्कतला गेलात त्या वर्षी तिने बी रुजवली. तुमच्या माजला, एवढ्याशा पोराला, कडेवर घेऊन पाणी घालायची. पहिली लिंबं आली तेव्हा पेढे वाटावेत तशी आम्हाला एकेक दिली. बाकी सगळी तुमच्या लोणच्याला.

मुश्ताक : त्याच लोणच्यावर मी तिकडे दिवस काढले. खोलीतली पोरं बरणीवर डोळा ठेवून असायची, मी ट्रंकेत कुलपात ठेवायचो. म्हणून तर नवीन झाड आणायचं सुचलं, ताई. कायमचा आलो खरा, पण घरात पाहुण्यासारखा बसतो. साखरेचा डबा कुठला, तेही विचारावं लागतं. म्हटलं, ती येईपर्यंत कीड काढू. आपलाही हात लागू दे घराला.

शशिकला : लागला. चांगलाच लागला. बरं, आता तोंड पाडू नका. ती फांदी नखाने खरवडा जरा.

मुश्ताक : आतून हिरवी आहे.

शशिकला : मग झाड जिवंत आहे. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, पिंप सावलीत ओढू या. छाटाछाटी आत्ता नको. कीड परत आली तर बाटलीभर पाण्यात चार-पाच थेंब, बास. सोबत भांड्याच्या साबणाचा थेंब, नाहीतर तेल वरच तरंगतं. आधी एका पानावर मारून बघायचं आणि एक दिवस थांबायचं. फवारायचं ते ऊन उतरल्यावर. फुलावर असलं तर नाहीच, मधमाश्या येतात.

मुश्ताक : चार-पाच थेंबांनी कीड जाईल?

शशिकला : कमी होईल. उरलेली बोटाने पुसायची. मुबीना तेच करते.

मुश्ताक : तिला काय सांगू?

शशिकला : झालं ते. त्यात मात्र पाणी घालू नका.

(संध्याकाळ. अंगणात मुबीना उभी आहे, हातात प्रवासाची पिशवी.)

मुबीना : अख्ख्या खांदा कॉलनीला वास सुटलाय. कसला?

मुश्ताक : लवंगेचा. मुबीना, पिशवी ठेव. तुझ्या झाडावर मी तेल मारलं, नुसतं. पानं जळाली. नवीन झाड आणून लपवायचंही मनात आलं होतं. शशिकलाताईंनी अडवलं.

मुबीना : हात बघू.

मुश्ताक : थोडा लाल झालाय. काही नाही.

मुबीना : काही नाही कसं? हातमोजे नाहीत, फडकं नाही. बसा, खोबरेल लावते.

मुश्ताक : आधी झाड बघ ना.

मुबीना : आत येतानाच बघितलं, माजचे अब्बा. खालच्या फांदीचा डोळा वाचलाय.

मुश्ताक : कुठे?

मुबीना : इथे. हात नका लावू, नुसतं बघा. पंधरवड्यात फुटेल.

मुश्ताक : रागावलीस?

मुबीना : रागावलेय. खूप. उद्यापासून पाणी तुम्ही घालायचं. किती घालायचं ते मी दाखवीन.

मुश्ताक : घालीन. या वर्षी लोणचं मात्र नाही व्हायचं.

मुबीना : नसू दे. आता पाठवायचं कुणाला आहे?