कोपऱ्यातला कुत्रा

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते.

"कुत्र्याच्या पिल्लाचं खाणं, इंजेक्शनं, गावाला गेलात तर ठेवायचा खर्च. बसतंय पेन्शनमध्ये, बाबा."

"किती वर्षं?"

"चौदा-पंधरा."

"मी तेवढा टिकणार आहे का?"

"झालं तुमचं सुरू!"

"अगं, खर्चाचंच बोलतोय. शेवटची वर्षं तुझ्या गळ्यात पडतील. त्यापेक्षा तो कोपऱ्यातला म्हातारा घेऊ. त्याचा मालक न्यायला परत आलाच नाही म्हणे."

"तो? धड उठताही येत नाही त्याला. नुसत्या औषधांत बुडाल."

"गोळ्या मलाही आहेत. बरोबर घेऊ, म्हणजे मी विसरणार नाही."

"आणि वर्षा-दोन वर्षांत गेला तर? आई गेली तेव्हा काय झालं होतं तुमचं?"

"ते मी सोसेन. पण पिल्लू आणलं आणि मीच आधी गेलो, तर तेही याच्यासारखं दाराकडे बघत बसेल."

"मांजरवाल्या बाई, या आत!"

बाईंनी मागच्या माणसाला पुढे जायला खुणावलं.

कोपऱ्यातल्या कुत्र्याकडे बघत लेक म्हणाली, "एक जाड गादी धरा खर्चात. गार फरशीवरून त्याला उठता येणार नाही."