शिडीच्या तिसऱ्या आणि सातव्या पायरीबाबत

जबाब. मुक्काम सेलू, जिल्हा परभणी. तारीख १२ नोव्हेंबर १९५४, शुक्रवार, सकाळचे साडेअकरा.

माझे नाव भुजंग वल्द आश्रुबा, वय २३, धंदा जिनिंगमध्ये गाठींची नोंद, राहणार किशनराव यांच्या घराची माडी, सेलू. मूळ गाव पालम. जमादारसाहेब खाली अंगणात समक्ष उभे आहेत. मला उतरता येत नसल्याने त्यांच्या परवानगीने हा जबाब स्वहस्ते लिहून टोपलीतून खाली सोडीत आहे.

आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी दाढी करीत होतो. माझी पत्नी बायनाबाई, सातवा महिना, पाणी आणण्यास खाली गेली. जिनिंगचा सातचा भोंगा झाला तेव्हा माझा एक गाल झाला होता. खाली लाकूड ओढल्याचा आवाज आला. दारात येऊन पाहिले तर शिडी नव्हती. घरमालक किशनराव व त्यांचा गडी ती परसात नेत होते.

मी विचारले, "मालक, शिडी कुठं न्यायलात?"

ते म्हणाले, "भाड्याची पावती काढ. तिच्यात खोली लिवलीय का शिडी?"

पावतीत "माडीवरील एक खोली" एवढेच आहे. मालकांना मराठी लिहिता येत नाही, म्हणून ती त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली होती. "तुझं अक्षर लय झकास हाय," असे तेव्हा म्हणाले होते. शिडी लिहिण्याचे मला सुचले नाही.

मालक अंगणात बाज टाकून बसले आहेत. हातात कुलूप आहे. मी दोरीने उतरलो तर ते शिडी लावून वर येतील व कुलूप घालतील. मी सात रुपये भाडे देतो. सरकीच्या एका व्यापाऱ्याने याच खोलीचे पंधरा कबूल केले आहेत. कापसाच्या हंगामात सेलूत दुसरी खोली मिळत नाही. मालकांनी खोली सोडण्यास सांगितल्यापासून चौदा ठिकाणी विचारून झाले.

बायनाबाई घागर घेऊन परत आली. मालक तिला म्हणाले, "तू तर खाली आलीसच की पोरी. निम्मी खोली रिकामी झाली. आता त्यालाबी बोलीव."

ती म्हणाली, "म्या पाण्याला गेलते, घर सोडाया न्हाई." मग मला म्हणाली, "अवो, उतरू नका. गाल तेवढा पुसा, लोकं हसायलेत."

तेव्हापासून ती भिंतीच्या सावलीत बसून आहे.

जमादारसाहेब म्हणाले, "घर मालकाचं, शिडी मालकाची. तुझं काय गेलं ते लिव." म्हणून लिहितो.

मालकांना आगाऊ दिलेले २१ रुपये. भाडे आजपर्यंतचे पूर्ण, बाकी नाही. पोळ्याच्या सुमारास शिडीच्या दोन पायऱ्या मोडल्या. मालकांनी बसविल्या नाहीत. बायनाबाईला दिवस असल्याने मी सुताराकडून बाभळीच्या करून घेतल्या. लाकूड १ रुपया ४ आणे, खिळे २ आणे, मजुरी १२ आणे. एकूण २ रुपये २ आणे. पैकी मजुरीचे ६ आणे देणे आहे. सुताराची चिठ्ठी टोपलीत ठेवली आहे.

शिडी मालकांची असेल. परंतु खालून तिसरी व सातवी पायरी माझी आहे. त्या मला न विचारता नेल्या. त्या जागच्या जागी परत मिळाव्यात.

जबाब जमादारसाहेबांनी मोठ्याने वाचला व टोपलीतून परत वर दिला. मला वर व सावली सरल्याने बायनाबाईला उन्हात ऐकू आला. लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे.