बाजाराच्या दिवशीची गोळी

ताकदीच्या गोळीनं काय होते म्हणता? थांबा, माह्याच घरचं सांगते.

आमच्या ह्यांचा मसाल्याचा धंदा. आज सोनाळ्याच्या बाजारात दुकान, उद्या संग्रामपूरच्या, परवा तिसऱ्याच गावी. हाडं दुखतात म्हणून रक्त तपासलं, तं व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरनं आठ गोळ्या लिहून देल्ल्या. म्हणे, "काका, बाजाराच्या दिवशी एक घेत जा, म्हणजे इसरणार नाही." मेडिकलवाल्यानं मले सांगतलं, दोन महिने पुरतात.

दहाव्या दिवशी पाह्यते तं पाकीट रिकामं!

"अवो, गोळ्या कुठं गेल्या?"

"खाल्ल्या ना. बाजाराच्या दिवशी एक."

"आठोड्यातून एकच होती ते!"

"मंग डॉक्टरनं तसं सांगायचं ना. मी तं रोजच बाजारात असतो."

तसंच ह्यांले धरून दवाखान्यात नेलं. ऐकून डॉक्टरचं तोंडच उतरलं. म्हणे, "कमी असलं तं ही गोळी हाडाले चांगली, पण जास्तीची अंगातच साचते. मंग रक्तात कॅल्शियम वाढते अन् किडनीले त्रास होते." पुन्हा रक्त देल्लं. रिपोर्ट येईपर्यंत माह्या घशाखाली घास उतरला नाही. हे मात्र दोन भाकरी खाऊन बसले.

सारं ठीक निघालं, तवा कुठं माह्या जिवात जीव आला. डॉक्टरनं तं मले हातच जोडले.

आता ते गोळी लिहायच्या आधी सगळ्याइलेच इचारतात, "पह्यले सांगा, धंदा काय करता?"