शांताबाईंचं पन्हं आणि इंजिनाचा गंज

...आणि वर दीर म्हणतो कसा, "वहिनी, हे केमिकल आहे." आता तुम्हाला सांगतो, आमच्या जोगेश्वरीच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीला शांताबाईंचंच पन्हं असतं, वर्षानुवर्षं, कधी कुणाचं पोट दुखलं का? यंदा नातीची परीक्षा आली म्हणून बाईंनी कैरीचा गर आठवडाभर आधी करून ठेवला आणि टिकावा म्हणून त्यात सोडियम बेंझोएट घातलं. चिमूटभर हो, चिमूटभर. सॉसच्या बाटलीवर वाचा ना, तेच असतं.

नेमकी ती पुडी दिरानं पाहिली. दीर म्हणजे शिवदास, गॅरेजात सुपरवायझर. "अहो वहिनी, हे तर आमच्याकडे कूलंटमध्ये असतं, इंजिनाला गंज चढू नये म्हणून."

"बरंय की भाऊजी, मग पोटालाही चढणार नाही."

पण ऐकतोय कोण? शिवदासनं मंडळात जाऊन असं काही रंगवून सांगितलं की सेक्रेटरी विकी टरकलाच. "काकी, रिस्क नको ना." झालं, बाईंचा गर बाद. शिवदासनं स्वतः केला, एकदम नॅचरल, बाटल्यांत भरला, झाकणं घट्ट पिळली आणि ठेवला मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत... एप्रिलमध्ये. शांताबाई तरीही सांगायला गेल्या, "भाऊजी, त्यात घाला थोडं. चिमूटभर हो, चिमूटभर." तो हसला. बाईंच्या मनाला फार लागलं ते, पण आपला गर काही त्यांनी फेकला नाही.

जयंतीला ऊन मी म्हणत होतं, मिरवणूक नाक्यावर आलेली, लोक घामाघूम, आणि नव्या पांढऱ्या कुर्त्यातल्या शिवदासनं पहिल्या बाटलीचं झाकण फिरवलं... फट्. फेस कपाळापासून पोटापर्यंत. दुसरी उघडली, तीही तशीच, आणि असा आंबूस वास सुटला की रांग नाक धरून मागे सरकली.

विकी धापा टाकत बाईंच्या घरी. "काकी, तुमचा गर आहे ना?"

बाईंनी डबे काढून दिले. पिंप भरून पन्हं झालं, रांग संपता संपेना, आणि ग्लास कोण वाटतंय, तर डागाळलेल्या कुर्त्यातला शिवदास. कुणी विचारलं, आत काय घातलंय, तर म्हणतो कसा, "चिमूटभर हो, चिमूटभर."

स्टेजवर बाईंचा सत्कार झाला, टाळ्या थांबेनात, शिवदासनं वाकून नमस्कारही केला. बाईंची मान काय ताठ झाली म्हणता. तेवढ्यात विकीनं माइकवर जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून सगळ्या नाक्यांचं पन्हं काकींकडे.

घरी येऊन बाई नवऱ्याला म्हणाल्या, "हरले असते तर पुढच्या वर्षी निदान बसून प्यायले असते."