मांडवाची साक्ष

नमस्कार. बनारसच्या एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात, कुणी शिंदे घाटावरून, कुणी पार रेल्वे कॉलनीतून. वसुधाताईंना बरं वाटलं असतं. मी त्यांची धाकटी जाऊ, उज्ज्वला. घरात माझं तोंड कधी बंद नसतं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. आज तेच तोंड उघडत नाहीये.

मंडळी, ताई हृदयविकाराने गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण ते हृदय तीन वर्षं कशाने दुखत होतं, हे या हॉलमध्ये कुणाला माहीत नाही?

जे बँकेत, विद्यापीठात नवीन बदलून आलेत, त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी आपल्याच एका घरात लग्न होतं. मुलगी आपली मराठी, मुलगा इथला, हिंदी बोलणारा. ताईंचा एकुलता एक निखिल अंतरपाट धरणार होता. बरात दारात आली आणि मुलाकडच्या एका मानाच्या पाहुण्याने आनंदात बंदूक चालवली. आपल्यातलंच कुणी तरी म्हणालं, एक और हो जाए. दुसरी गोळी निखिलच्या गळ्यात लागली. ताई आणि मी आत नवरीला मुंडावळ्या बांधत होतो. आम्हाला फटाके वाटले.

पोराला गाडीत घालून नेलं. आणि इकडे मुहूर्त टळू नये म्हणून मंगलाष्टकं झाली. झाली की नाही, सांगा? अक्षता पडल्या. पंगतीही बसल्या. मग पोलीस आले, तर कुणी काही पाहिलंच नव्हतं. ज्यांनी मोबाइलवर बरात घेतली होती, त्यांचे मोबाइल कोरे निघाले. कागदावर लिहिलं गेलं, गोळी झाडणारा अज्ञात.

ताईंनी मला त्या दिवसाबद्दल एकदाच विचारलं. आम्ही मेथी निवडत होतो. म्हणाल्या, "निखिलच्या जागी अंतरपाट कुणी धरला ग?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मेथी निवडत राहिल्या. मला मात्र तिथे बसवेना.

मग विधानसभेच्या समितीची जनसुनावणी निघाली. बंदुकीचं लायसन्स कुणाला द्यायचं, लग्नात, मिरवणुकीत, गर्दीत ती नेऊ द्यायची का, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. आम्ही दोघी लखनौला गेलो. आमच्याआधी एक गृहस्थ बोलले. गोळ्या चालवतात ते गुंड, तेही चोरीच्या गावठी कट्ट्यांनी, लायसन्सवाले जिम्मेदार लोक असतात, वगैरे. ताई उठल्या. म्हणाल्या, माझ्या मुलाला मारलं त्या बंदुकीला लायसन्स होतं. एका आमदारांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत? ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. नाही म्हणाल्या. मग कुणी पाहिलं? सगळ्या मांडवाने, ताई म्हणाल्या. तो आमदार वाईट नव्हता हो. हळूच म्हणाला, "माताजी, मंडप गवाही नहीं देता."

परतीच्या गाडीत, बनारस आल्यावर म्हणाल्या, पुढची सुनावणी आपल्याच गावात आहे, तिथे तरी कुणी येईल. त्यानंतर त्या कुणाकुणाच्या दारी गेल्या नाहीत? तुम्ही चहा दिलात. मुलीच्या सासरचा प्रश्न आहे, म्हणालात. बरोबर आहे, मुलीला तिथेच नांदायचंय. पण निखिलही आपल्याच अंगणात खेळला होता ना? मला राग येतो, मंडळी. शोकसभेत रागावू नये म्हणतात, पण येतो.

ती सुनावणी येत्या गुरुवारी आहे. मी फोन करून विचारलं. ताईंच्या जागी दुसऱ्याला बोलता येईल, म्हणाले, फक्त डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा. मी तेव्हा आत होते. मी काय सांगू?

आता आपण दोन मिनिटं मौन पाळायचं आहे. उठूया. ताईंना आणि निखिलला हात जोडूया. मौन संपलं की बाकीच्यांनी बसावं. ज्यांनी पाहिलं, त्यांनी मात्र बसू नये.

मी इथे उभी राहून बघणार आहे.