बाग वाचवणारी समिती

कब्जा करणाऱ्यांना शिव्या नंतर घाला, आधी आमच्या बरकतपुऱ्यातल्या बागेचं ऐका. राज्याची वाटणी चालू होती, सरकारी नोकरही दोन राज्यांत वाटले जात होते, तेव्हाची गोष्ट. लेआउटमध्ये बागेसाठी राखीव ठेवलेल्या प्लॉटवर एकानं विटा आणून टाकल्या. मी तक्रार घेऊन गेलो, तर महापालिकेच्या ऑफिसातला क्लार्क म्हणतो, "अभी ठहरो साब, कौन इधर रहता, कौन उधर जाता, हमकोच नै मालूम."

मग शेजारच्या भास्करकाकांनी बाग बचाव समिती काढली. त्या माणसाला हाकललं, कुंपण घातलं. कुंपण आलं म्हणून वॉचमन आला, वॉचमनला खोली आली. विटा पडलेल्या होत्याच! पुढे समितीला बसायला हॉल आला. मी म्हटलं, "काका, झाडं कधी लावायची?" तर माझ्यावरच उखडले, "आधी जागा तर वाचू दे!"



शेवटी एकदाचे साहेब नकाशा घेऊन आले. चारी बाजूंनी फिरून म्हणाले, "शिकायत सही है. कब्जा पूरा हो गया. किसने किया?"

काकांनी कपाळाचा घाम पुसला. "साब, धूप भोत है. अंदर हॉल में बैठ के बात करेंगे."